पहिला अर्धा इंच माफ

नवी मुंबईत एकाच मजल्यावर वर्षानुवर्षं राहणारी माणसं एकमेकांची नावं दारावरच्या पाटीवरून वाचतात. पण मी लिफ्टमध्ये शिरलो की दार बंद व्हायच्या आत प्रश्न येतो, "काय हो, पायाला काय झालं?" विचारणाऱ्याच्या मनात माया असते. हा गृहस्थ काल-परवा बाथरूममध्ये घसरला असणार, असं त्यानं धरलेलं असतं आणि एका मलमाचं नाव त्याच्या ओठांवर तयार असतं. "१९७७ साली हाडात पू झाला होता," असं मी सांगितलं की ते मलम ओठांवरच राहतं. जवळजवळ पन्नास वर्षं जुन्या दुखण्यावर काय चोळावं, हे कुणालाच माहीत नसतं. मग तो जरा नाराजीनं पाहतो. इतकं जुनं होतं तर आज सकाळी सकाळी लंगडून लोकांना घाबरवायचं कशाला?

म्हणून मी उत्तराच्या तीन आवृत्त्या करून ठेवल्या आहेत. चौथ्या मजल्यावर उतरणाऱ्यासाठी, "लहानपणचं आहे." बाराव्या मजल्यासाठी त्यात ताप, ऑपरेशन आणि आईचे नवस येतात. तिसरी आवृत्ती नेरूळ ते सीएसएमटी अशी आहे आणि ती ऐकताना लोकांची स्टेशनं चुकलेली आहेत. इथं देतोय ती तिसरीच, फक्त नवस गाळले आहेत.

गाव पेण. जिल्हा तेव्हा कुलाबा. रायगड हे नाव १९८१ साली मिळालं. माझं वय सात. मानेवर गळू झालं, पिकलं, फुटलं, बरं झालं आणि सगळे ते विसरले. पुढच्याच आठवड्यात मी ओट्यावरून उडी मारली. संध्याकाळी डाव्या गुडघ्याच्या वर ठणका लागला आणि रात्री ताप भरला. उडी सगळ्या आळीनं पाहिलेली होती, त्यामुळे निदान एकमतानं झालं: मुका मार. आजीनं आंबेहळद आणि रक्तचंदन उगाळून लेप घातला. लेप वाळला, ताप चढला. आत्या म्हणाली, हा मुका मार नव्हे, लचक आहे, पायाळू माणूस बोलवा. आमच्या आळीतले पायाळू काका जन्मताना पायांनी आले होते आणि नंतर भरपूर जेवले होते. त्यांनी माझ्या मांडीवर पाऊल टेकवलं. मी जी किंकाळी फोडली, ती ऐकून आत्या समाधानानं म्हणाली, "बघा, लागू पडलं."

शेवटी डॉक्टरांनी पाय नुसता पाहिला आणि सांगितलं, "हाडात गेलंय. आजच्या आज मुंबईला न्या." एसटीच्या मागच्या बाकावर मला आडवं घातलं, पायाखाली दोन उश्या. ठाण्याच्या खाडीवरचा पूल तेव्हा नवाच होता. आज मी जिथं राहतो ते नेरूळ त्या प्रवासात दिसलंच असेल, तर खाजण आणि शेतं म्हणून. सिडकोची स्थापना १७ मार्च १९७० ची आणि माझा जन्मही त्याच वर्षीचा. म्हणजे शहरानं आणि मी वाढायला एकदमच घेतलं. शहर आराखड्याप्रमाणे सेक्टरमागून सेक्टर वाढत गेलं. माझ्या डाव्या पायानं काम मध्येच थांबवलं.

झालं होतं ते असं. वाढत्या मुलाच्या लांब हाडांच्या टोकांशी वाढीच्या चकत्या असतात. चकतीच्या अगदी लगत बारीक रक्तवाहिन्या उलट्या वळतात आणि तिथं रक्ताचा वेग मंदावतो. वाशीच्या टोलनाक्यावर गाड्या रेंगाळल्या की शेंगदाणेवाले काचेशी येतात, तसे रक्तातून हिंडणारे जंतू नेमकी तीच जागा गाठतात. बहुतेक वेळा तो गळवातलाच जंतू असतो, स्टॅफिलोकोकस ऑरियस. गळू कातडीत झालं तर कातडी ताणते, फुटते, विषय संपतो. हाड ताणत नाही. पू आत कोंडतो, दाब वाढतो, रक्तपुरवठा तुटतो आणि हाडाचा एक तुकडा जागीच मरतो. मग शरीर एक अस्सल सरकारी काम करतं. मेलेलं हाड न हलवता त्याच्याभोवती नव्या हाडाची भिंत बांधतं. त्या भिंतीला भोकं राहतात, भोकांतून पू वाहतो आणि कधीमधी हाडाची एखादी कपची बाहेर येते. सुश्रुतानं अशा वाहत्या व्रणाला नाडीव्रण म्हटलंय. म्हणजे हे दुखणं ऑस्टिओमायलायटिस या इंग्रजी नावानं आलं असलं तरी आपल्याकडे परकं नव्हतं.

त्यापेक्षाही जुना दाखला हवा असेल तर अमेरिकेतल्या वायोमिंगमध्ये १९९१ साली सापडलेल्या अ‍ॅलोसॉरस जातीच्या डायनासोरचा घ्या. संशोधकांनी त्याचं लाडकं नाव बिग अल ठेवलंय. त्याच्या पायाच्या बोटाच्या हाडात असाच संसर्ग झाला होता आणि तो बहुधा लंगडत चालत असावा. त्याला वाटेत कुणी काही विचारत नसणार. ज्यांना विचारता आलं असतं, त्यांना तो खात होता.

पेनिसिलिन येण्याआधी या दुखण्यानं मुलं सरळ दगावत. माझं नशीब असं की १९५४ साली पिंपरीला हिंदुस्तान अँटिबायोटिक्स निघाली होती, देशातला औषधांचा पहिला सरकारी कारखाना, जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या मदतीनं उभा राहिलेला. वडील शेजारच्या खाटेवरच्या लोकांना सांगायचे, "बाहेरचं नाही हो, आपल्या पिंपरीचं औषध आहे." माझे जंतूही आपलेच होते. त्यांच्या जातभाईंनी तोवर पेनिसिलिनला न जुमानायला शिकून घेतलं होतं. औषध बदललं. सुईची जाडी तीच राहिली.

मी पेणला परतलो तो कमरेपासून बोटांपर्यंत प्लास्टरमध्ये. आता पेण म्हणजे गणपतीचं गाव, आणि कारखान्यांत वाढलेल्या पोरांना पांढरंशुभ्र प्लास्टर कोरं राहिलेलं सहन होत नाही. एकानं मांडीवर पितांबराचा काठ काढला. दुसरा डोळ्यांच्या आखणीवर हात बसवू पाहत होता. आखणी म्हणजे मूर्तीचं सगळ्यात कसबी काम, तिथं पोरासोरांना कोण हात लावू देतो? त्यानं माझ्या गुडघ्यावर सराव केला. पुढच्या तपासणीला मुंबईच्या डॉक्टरांनी चादर बाजूला केली, तर गुडघा त्यांच्याकडे पाहत होता. मागच्या परिचारिकेचे हात आपोआप जुळले.

ऑपरेशनमध्ये मेलेल्या हाडाचा तुकडा काढला आणि डॉक्टरांनी कौतुकानं छोट्या बाटलीत घालून आमच्या हवाली केला. घरी प्रश्न उभा राहिला, याचं करायचं काय. आजीचं म्हणणं स्पष्ट होतं: अस्थी त्या अस्थी, नाशिकला न्यायला हव्यात. गुरुजींना बोलावलं. त्यांनी बाटली उजेडात धरून पाहिली, मग मला पाहिलं. मी लाडू खात होतो. ते म्हणाले, "अस्थिविसर्जन हप्त्याहप्त्यानं करता येत नाही." बाटली फडताळात गेली, पेणहून नेरूळला आली आणि अजून आहे. बायको म्हणते, "राहू दे. सगळं एकदमच नेऊ."

पुढची काही वर्षं व्रण भरायचा, पुन्हा वाहायला लागायचा आणि मी मुंबईच्या त्या मोठ्या रुग्णालयात जाऊन-येऊन राहिलो. तिथं जुनाट दुखण्याच्या माणसाला एक हुद्दा मिळतो, तो म्हणजे केस. एमबीबीएसच्या शेवटच्या परीक्षेला एकेका विद्यार्थ्यापुढे एकेक रोगी ठेवतात आणि त्यानं निदान करायचं असतं. मी त्या परीक्षेचा अनुभवी पेपर होतो. घामाघूम झालेला विद्यार्थी यायचा, थरथरत्या हातानं माझी मांडी चाचपायचा आणि दयेनं मी हळूच सांगायचो, "क्रॉनिक ऑस्टिओमायलायटिस, लेफ्ट फीमर, लोअर एंड." त्याच्या चेहऱ्यावर जे उजाडायचं, ते पाहण्यासारखं असे. परीक्षक पुढे यायचे, "आणखी काय असू शकेल?" त्यांच्या पाठीमागून मी नुसते ओठ हलवायचो: टीबी, ट्यूमर. शाळेत इंग्रजी पाचवीत सुरू झालं, तेव्हा मला त्या भाषेतले एवढेच शब्द येत होते आणि एकही वाक्यात वापरता येण्यासारखा नव्हता. पास झालेला एक जण पेढे घेऊन आला होता. आज त्यातले किती तरी मोठे सर्जन झाले असतील. त्यांच्यापैकी कुणाकडे पाय दाखवायची वेळ आलीच, तर फी द्यायची की मागायची, हे मी ठरवलेलं नाही.

गुडघ्याजवळच्या दोन चकत्या मिळून पायाच्या वाढीतला जवळपास दोन तृतीयांश वाटा उचलतात. माझी मांडीची चकती त्या आजारात भाजून निघाली. उजवा पाय वयाप्रमाणे वाढत राहिला, डावा दमादमानं मागून येत राहिला आणि वाढ थांबली तेव्हा दीड इंचाची बाकी राहिली. शाळेत इतिहासाच्या तासाला तैमूरलंग आला, तेव्हा सगळा वर्ग वळून माझ्याकडे पाहू लागला. मला वाईट वाटलं नाही. तोवर मी फक्त मागच्या बाकावरचा मुलगा होतो, आता दिल्ली लुटून आलेला झालो. आणि लंगडीच्या खेळात मला हात लावेल असा पोरगा आळीत नव्हता. प्लास्टरच्या दिवसांत सगळं घर उजव्या पायावर उड्या मारत फिरल्यामुळे तो पाय असा तयार झाला होता की बाकीच्यांचे दम उखडले तरी मी अंगणभर नाचत असे. माझी पंचाईत व्हायची ती खेळ संपल्यावर, दोन्ही पायांनी घरी जाताना.

अशा माणसांची एक वेगळीच जात असते, असं मला मिकी मँटलची हकिगत वाचल्यावर वाटलं. अमेरिकेत तो बेसबॉलचा देव मानला जातो, म्हणजे आपल्याकडे क्रिकेटमधली जी दोन-तीन नावं घेताना लोक कान पकडतात त्या तोलाचा. शाळेत असताना फुटबॉल खेळताना नडगीवर लाथ बसली आणि हाडात संसर्ग झाला. पाय कापायची भाषा सुरू झाली होती, तेवढ्यात पेनिसिलिननं वाचवला. पुढे कोरियाचं युद्ध लागलं. सैन्याच्या डॉक्टरांनी ते जुनं हाड पाहिलं आणि त्याला नापास केलं. त्याच सुमाराला, १९५१ साली, न्यूयॉर्क यँकीजनं त्याला संघात घेतलं. १९६८ पर्यंत तो खेळला आणि ५३६ होम रन मारून गेला. सैन्यात चालायला नालायक आणि मैदानावर पळायला लायक! लोकांनी काय करावं? स्टेडियममध्ये त्याची टवाळी केली. एवढा धडधाकट आणि म्हणे हाड दुखतं. मला हे वाक्य ओळखीचं वाटलं. मी ते हार्बर लाइनवर ऐकलंय.

तिथं यायच्या आधी रोजच्या संसाराबद्दल थोडं. आपल्याकडे पादत्राणं दाराबाहेर काढतात. माझ्या डाव्या बुटाच्या तळाला वाशीच्या एका मोच्यानं एमसीआर या मऊ रबराचे थर चिकटवून उंची दिलेली आहे. चामडं, रबर, सोल्युशन यांचं त्याला जे ज्ञान आहे त्यावर मी अनेक डॉक्टर ओवाळून टाकीन. त्या बुटांत मी बराच सरळ चालतो. कुणाच्या घरी गेलो की लिफ्टपासून दारापर्यंत सरळ. दारात बूट काढतो आणि यजमानांच्या डोळ्यांदेखत डावीकडे खाली जातो. "अहो, सांभाळून! उंबरा लागला का?" यजमान दंड धरतात, यजमानीणबाई हळद आणायला आत पळतात. एरवी चहासुद्धा विचारून करणाऱ्या घरांत माझं असं स्वागत होतं.

देवळाबाहेर माझ्या चपला निर्धास्त असतात. एकदा गेल्या होत्या, तर फाटकाच्या बाहेरच टाकलेल्या सापडल्या. चोरानं पायात घातल्या असतील, पहिल्याच पावलाला जमीन तिरकी झाली असेल. बिचाऱ्याला वाटलं असेल, देवानं इतक्या लगेच शिक्षा केली.

पँटचं दुःख उलटं. तयार पँट घेतली की डावा पाय दीड इंच आखूड करायला मी दुकानातल्या अल्टरवाल्या पोराला बजावून सांगतो, चिठ्ठी लिहून देतो. तो मन लावून काम करणारा असला की हमखास घोटाळा होतो. एक पाय लहान दिसतोय हे त्याला रात्री उशिरा लक्षात येतं, मागच्याची चूक समजून तो दोन्ही सारखे करून ठेवतो आणि वर त्याचे पैसे घेत नाही.

सत्यनारायणाला मांडी घालता येत नाही, गुडघा अर्ध्यातच थांबतो. पाय लांब करावा तर देवाकडे होतो. मग मी आडवा बसतो आणि तो पाय शेजारच्या सद्गृहस्थांकडे होतो. त्यांना चालतं, कारण ते देव नसतात, पण प्रसाद घेताना ते जागा बदलतात.

या सगळ्यापेक्षा मला ज्याचा शोध लागल्याचा अभिमान आहे, ती गोष्ट रस्त्याची. पाणी वाहून जावं म्हणून रस्ता मध्ये उंच आणि दोन्ही कडांना उतरता असतो. धडधाकट माणसाला हे आयुष्यभर कळत नाही. मी रस्त्याच्या डाव्या कडेनं चाललो तर आखूड पाय आणखी खाली जातो आणि माझं लंगडणं दुप्पट होतं. उजव्या कडेनं, समोरून येणाऱ्या गाड्यांकडे तोंड करून चाललो तर डाव्या पायाला उंचवटा मिळतो आणि मी चक्क सरळ चालतो. त्यामुळे ज्यांनी मला फक्त जातानाच पाहिलंय त्यांना मी बरा झालेला वाटतो आणि ज्यांनी येताना पाहिलंय ते बायकोला फोन करून चौकशी करतात. पारसिकच्या किंवा खारघरच्या टेकडीच्या कुशीनं आडवं जायचं झालं, तर डोंगर डाव्या हाताला ठेवला की स्वर्ग. पण आपला धर्म प्रदक्षिणेला देव उजव्या हाताला ठेवायला सांगतो. एखाद्या डोंगराला प्रदक्षिणा घालायची वेळ आली, तर मला पुण्य किंवा कंबर यातलं एक निवडावं लागेल. या शहरानं विमानतळासाठी उलव्याची अख्खी टेकडी सपाट केली, नदीचं पात्र वळवलं. माझा दीड इंच तेवढा कुणाच्या आराखड्यात बसला नाही.

म्हणजे उपाय नव्हता असं नाही. सायबेरियातल्या कुर्गान गावी डॉक्टर इलिझारोव्ह हाड कापून, पायाभोवती कड्या बसवून, तारांनी ते ताणत असत. दिवसाला एक मिलिमीटर, तोही चार वेळा पाव-पाव करून. मधल्या फटीत नवं हाड भरत जातं. १९८० साली कार्लो माउरी नावाचा इटालियन गिर्यारोहक तिथून पाय सुधारून परतला आणि मग पश्चिमेकडच्या डॉक्टरांना याची खबर लागली. पुढे मुंबईतही हे होऊ लागलं, तेव्हा माझ्या डॉक्टरांनी हिशेब मांडला: ताणायला सव्वा महिना, हाड पिकायला त्याच्या कितीतरी पट. मग तेच म्हणाले, "पण तुमच्या हाडात जुने जंतू झोपलेले असू शकतात. चाळीस-पन्नास वर्षांनीसुद्धा जागे होतात." आई बाहेर बाकावर ऐकत होती. ती उठून आत आली आणि म्हणाली, "झोपलेत तर झोपू द्या की. दीड इंच वाढवून याला काय पंखे पुसायचेत?"

एकदा तसे ते जागे झालेही. मांडी लाल झाली, ताप आला. एक्स-रे काढला. इतक्या जुन्या भानगडीचं हाड फिल्मवर फार प्रेक्षणीय दिसतं: जाड, वेडंवाकडं, मध्ये पोकळ्या. तंत्रज्ञानं आतल्या खोलीत आवाज दिला, "या, या, सगळे या, हे बघा." मला त्या क्षणी लहानपणीचं रुग्णालय आठवलं आणि ओठ आपोआप हलले: लेफ्ट फीमर, लोअर एंड. महिन्याभराच्या गोळ्यांनी ते पुन्हा झोपले.

आता हार्बर लाइन. लोकलला अपंगांसाठी राखीव डबा असतो. गरोदर स्त्रिया आणि कर्करोगाच्या रुग्णांनाही तिथं बसता येतं. मी साध्या डब्यात शिरलो की तीन माणसांच्या बाकावरचा चौथा माणूस आपली अर्धी बैठक वाचवत म्हणतो, "काका, तुम्ही त्या डब्यात जा ना, कशाला त्रास घेता?" हे ऐकून एकदा त्या डब्यात गेलो. तिथं दारातच एका कुबडीवाल्यांनी मला खालपासून वर पाहिलं. मी नवे बूट घातले होते आणि फलाटाला नेमका माझ्या सोयीचा उतार होता. "कार्ड?" मी म्हणालो, लहानपणी हाडात पू झाला होता. ते म्हणाले, "इथं प्रत्येकाला लहानपणी काहीतरी झालेलंच आहे. टक्के किती?" मी टक्के काढलेले नव्हते. पुढच्या स्टेशनावर उतरलो आणि मधल्या फलाटावर उभा राहून विचार केला की मी प्रवास करावा असा डबा अजून लागलेला नाही.

सकाळी नेरूळच्या ज्वेल ऑफ नवी मुंबईला तळ्याभोवती आमचा एक कंपू चालतो. पूर्वी मी त्यात सगळ्यात मागे असे. आता वयामुळे एकेकाचे गुडघे बोलू लागलेत, दोघांचे बदलून झालेत आणि अख्खा कंपू हळूहळू माझ्या चालीवर आलाय. मला तिथं ज्येष्ठाचा मान आहे. जिना चढताना कुठला पाय आधी, उतरताना कुठला, काठी कुठल्या हातात (दुखऱ्या पायाच्या विरुद्ध, सिनेमातले म्हातारे सर्रास चुकीच्या हातात धरतात), हे लोक मला विचारतात. त्या कंपूनंच ठरवलं की मी सर्टिफिकेट काढायला हवं. "कायदा आहे, २०१६ चा. पूर्वी सात प्रकार होते, आता एकवीस आहेत. एकविसात तुम्ही कुठेतरी बसालच."

ऑनलाइन अर्ज केला, तारीख मिळाली, एका सरकारी रुग्णालयात गेलो. डॉक्टर सज्जन होते. त्यांनी कमरेच्या हाडापासून घोट्यापर्यंत टेप लावली, मग उभं करून डाव्या पायाखाली लाकडाच्या फळ्या एकावर एक ठेवत गेले. कंबर समपातळीत आली तेव्हा मी खिडकीबाहेर पाहिलं. समोरची इमारत सरळ होती. मला उगाचच वाटलं, ती याआधी तशी नव्हती.

"दीड इंच," डॉक्टर म्हणाले. "म्हणजे आठ टक्के."

मी विचारलं, इंचाला किती? त्यांनी नियम सांगितला. अर्ध्या इंचाला चार टक्के. तर मग बारा व्हायला हवेत? "पहिला अर्धा इंच धरत नाहीत." पहिला अर्धा इंच सरकारनं माफ केलेला आहे. तेवढं आखूड कुणीही असू शकतं, असं त्यामागचं धोरण असावं. मी मनात गणित केलं. नुसत्या लांबीवर चाळीस टक्के हवे असतील तर पाय साडेपाच इंच कमी पाहिजे. साडेपाच इंच कमी असलेला माणूस कार्ड काढायला येणार कसा, हा वेगळा प्रश्न.

गुडघा पूर्ण वाकत नाही, मांडीचा स्नायू बारीक, याचे वीस टक्के मिळाले. मी म्हणालो, "म्हणजे अठ्ठावीस." डॉक्टरांनी मान हलवली. इथली बेरीज वेगळी असते. मोठा आकडा जसाच्या तसा ठेवायचा. नव्वदातून तो वजा करायचा, उरलेल्यानं लहान आकड्याला गुणायचं आणि नव्वदनं भागायचं. ते आलं ते मोठ्यात मिळवायचं. वीस आणि आठ मिळून सव्वीस झाले. वर काही दशांश होते, ते सोडून दिले. लाभ मिळायला चाळीस लागतात. दहावीला आमच्या बोर्डानं मला पस्तिसाच्या काठावरून ढकलून पास केलं होतं. इथं त्यापेक्षा कडक परीक्षा निघाली आणि तीसुद्धा मी आयुष्यभर अभ्यास केलेल्या विषयात.

माझं तोंड पाहून खिडकीतल्या बाईंना वाईट वाटलं असावं. कागदावर शिक्का मारताना त्यांनी विचारलं, "उजवा पाय कसा आहे?" मी अभिमानानं सांगितलं, एकदम दणकट, लहानपणापासून दोघांचं काम तोच करतोय. त्या म्हणाल्या, "अहो, मग त्याचा गुडघा झिजलेला असणार. एक्स-रे काढून घ्या. तोसुद्धा धरतात. दोन-तीन वर्षांनी या, होतील चाळीस."

एक्स-रे काढला. उजवा गुडघा खरंच झिजायला लागलाय. ज्या पायाला कधी काही झालं नाही, तोच आता मला पास करणार, अशी चिन्हं आहेत. कंपूला ही बातमी सांगितली तेव्हा सगळ्यांनी अभिनंदन केलं. बायकोनं मात्र त्याच दिवशी नारायण तेल आणलं आणि रोज रात्री उजव्या गुडघ्याला दहा मिनिटं चोळायला बजावलंय. मी चोळतो, पण फार जोर लावत नाही. अजून चौदा टक्के कमी आहेत.